भाड्याच्या झेरॉक्स मशीनमध्ये दुसऱ्याची खरेदीखतं निघाली. मग आमचे कागद कुठे असतील?

मेतकूट

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचत होते. आज धागा काढायची वेळ आली, कारण परवापासून झोप नीट नाही.

नाशिकला आमचं करसल्लागाराचं छोटं ऑफिस आहे. मी, दीर, चार मुलंमुली आणि एक काका (त्यांना शिपाई म्हटलेलं चालत नाही). मार्चअखेरीस आमचं झेरॉक्स मशीन दर दहा पानांनी अडकायला लागलं. मशीन भाड्याचं. मालकाला फोन केला, तो दोन दिवसांत जुनं उचलून घेऊन गेला आणि दुसरं, त्याच्या भाषेत 'रिफर्बिश', बसवून गेला. स्कॅन, प्रिंट, झेरॉक्स सगळं एकात. आम्ही खूश.

परवा स्कॅन थेट मेलवर जायची सोय करायला बसले. स्क्रीनवर ॲड्रेस बुक उघडलं तर आत अकरा अनोळखी नावं. शेजारी 'डॉक्युमेंट बॉक्स' असं बटण होतं. दाबलं. बेचाळीस फायली! एक उघडून बघितली, ते खरेदीखत होतं. दुसऱ्या पानावर घेणाऱ्या-देणाऱ्यांचे फोटो, अंगठ्यांचे ठसे, आधार, पॅन. कुणा वकिलांचं ऑफिस असावं. मी लगेच बंद केलं, पण बघायचं ते बघून झालं होतं.

मग डोक्यात आलं की आमचं जुनं मशीन कुठे आहे? पाच वर्षं त्यातून आम्ही लोकांचे फॉर्म १६, बँकांची स्टेटमेंट, आधारच्या प्रती काढल्या. मालक म्हणतो, "मॅडम, ते कधीच दुसरीकडे लागलं." यात खरंच घाबरण्यासारखं काही आहे, की मी उगाच जीवाला लावून घेतेय? आणि असेल तर आता करायचं काय? दीर म्हणतात, "प्रिंटर म्हणजे टोनर आणि कागद, त्यात काय राहणार."

खटपट्या

दिरांना सांगा, प्रिंटर म्हणजे कागद खाणारा संगणक.

जमिनीवर उभं राहतं तेवढं मोठं मशीन असेल तर आत हार्डडिस्क असण्याची शक्यता दाट. टेबलावरच्या साध्या लेझर प्रिंटरमध्ये बहुधा नसते, तिथे वीज गेली की रॅम रिकामी. मोठ्या मशीनला मात्र शंभर पानांच्या वीस प्रती जुळवून द्यायच्या असतात, रांगेतली कामं सांभाळायची असतात. म्हणून ते पानाचं चित्र आधी डिस्कवर उतरवतं, मग छापतं. काम झालं की 'डिलीट' करतं. पण हे डिलीट म्हणजे अनुक्रमणिकेतून धड्याचं नाव खोडणं. धडा पुस्तकात तसाच असतो, त्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत.

तुम्हाला बॉक्समध्ये दिसल्या त्या कुणीतरी मुद्दाम साठवलेल्या फायली. न दिसणाऱ्या किती असतील ते डिस्क काढून बघितल्याशिवाय कळणार नाही. आणि ती काढून वाचायला फार हुशारी लागत नाही.

(पुण्यात नेटवर्कची कामं करतो. प्रिंटर हा माझ्या व्यवसायातला सर्वात नावडता प्राणी.)

अटलांटिककाठी

मेतकूट, तुम्ही उगाच घाबरत नाही आहात. मी न्यू जर्सीत हॉस्पिटलांच्या कंप्लायन्समध्ये (नियम पाळले जातात का ते बघणारा विभाग) आहे आणि आमच्याकडे नवीन माणूस आला की त्याला हीच गोष्ट सांगतो.

२०१० साली सीबीएस न्यूजच्या लोकांनी इथल्याच एका गोदामातून चार जुनी कॉपी मशीनं विकत घेतली. साधारण तीनशे डॉलरला एक. निवडताना फक्त किंमत आणि किती पानं छापून झालीत एवढंच बघितलं. डिस्का काढल्या, इंटरनेटवर फुकट मिळणारं सॉफ्टवेअर लावलं, आणि बारा तासांच्या आत हजारो कागद हातात. एक मशीन बफेलो शहराच्या पोलिसांच्या लैंगिक गुन्हे विभागाचं होतं. त्याची डिस्क काढायचीही गरज पडली नाही, कागद काचेवरच विसरलेले होते! दुसरं त्याच पोलिसांच्या अमली पदार्थ पथकाचं, तिसरं एका बांधकाम कंपनीचं, त्यात पगाराच्या स्लिपा. चौथं ॲफिनिटी हेल्थ प्लॅन या न्यूयॉर्कच्या आरोग्य विमा संस्थेचं. त्यात रुग्णांची औषधं, रक्ताचे रिपोर्ट, कॅन्सरचं निदान.

ॲफिनिटीचं मशीनही भाड्याचंच होतं, मुदत संपल्यावर परत गेलेलं. सरकारी चौकशी झाली. ३,४४,५७९ लोकांची माहिती उघडी पडली असावी असं संस्थेनंच कळवलं होतं. २०१३ मध्ये १२,१५,७८० डॉलर भरून प्रकरण मिटलं. ठपका साधा होता: जोखमीचा हिशोब करताना तुम्ही मशीनच्या डिस्का धरल्याच नाहीत, आणि परत देताना पुसल्या नाहीत.

उगाच_शंका

अमेरिकेत बारा लाख डॉलर, इथे बारा रुपये पण कुणी घेणार नाही. माफ करा, पण नाशिकच्या ऑफिसातला फॉर्म १६ चोरून कुणाला काय मिळणार? ज्याला आधार पाहिजे त्याला कुठल्याही लॉजच्या रजिस्टरमागे गठ्ठ्यानं मिळतात. आणि आपल्याकडच्या झेरॉक्सच्या दुकानांचं काय? आधी ती बंद करा.

दोन_रुपये_पान

बंद करा म्हणणारे साहेब, दुकान माझं आहे, कोल्हापुरात, कॉलेजच्या कोपऱ्यावर. :)

तुमचं म्हणणं अर्धं खरं आहे म्हणून लिहितोय. दिवसाला दीडशे-दोनशे लोक माझ्या व्हॉट्सॲपवर कागद पाठवतात. आधार, मार्कशीट, जातीचा दाखला, सातबारा, डॉक्टरची चिठ्ठी. एकदा तर घटस्फोटाची नोटीस. सगळं दुकानाच्या फोनमध्ये आणि पीसीच्या डाउनलोड फोल्डरमध्ये येऊन पडतं. मी रोज शटर ओढायच्या आधी दोन्हीकडचं उडवतो. तीन वर्षांपूर्वीपर्यंत उडवत नव्हतो हेही कबूल करतो. डिस्क भरली म्हणून बघायला गेलो तर सव्वा लाख फायली होत्या. त्या दिवशी जरा हबकलोच.

गिऱ्हाईकांची तऱ्हा पण ऐका. दिवसातून एकजण तरी मूळ कागद काचेवर विसरून प्रती घेऊन जातो. माझ्याकडे एक खोका आहे, त्यात दोन पासपोर्ट आणि एक सोडचिठ्ठी, मालक येतील म्हणून ठेवलेत. आणि पेनड्राइव्ह! इंजिनिअरिंगच्या पोरांच्या पेनड्राइव्हमधून एवढे व्हायरस येतात की प्रिंटिंगचा पीसी मी बिलिंगच्या पीसीपासून पूर्ण वेगळा केलाय. मधली वायरच काढून टाकली.

नोटरी_नाका

उगाच_शंका, "चोरून कुणाला काय मिळणार" याचं उत्तर २०१८ मध्ये तेलंगणात मिळालंय. पेद्दपल्ली जिल्ह्यात सिमकार्डं विकणाऱ्या एकानं जमीन नोंदणीच्या सरकारी संकेतस्थळावरून दस्त उतरवले, त्यावरच्या ठशांवरून रबरी अंगठे बनवले, आधारक्रमांक दस्तावर होताच, आणि त्या लोकांच्या नावावर हजारोंनी सिमकार्डं चालू केली. कशासाठी, तर कंपनीनं दिलेलं टार्गेट पुरं करायला. पुढे आधारवरून बँकेतले पैसे काढण्याच्या फसवणुकीत हीच युक्ती इतर राज्यांतही दिसली.

म्हणजे मेतकूट यांच्या स्क्रीनवर जे पान दोन आलं, तेच. फोटो, आधार, पॅन आणि ठसा एका कागदावर. म्हणून मी पक्षकारांना सांगतो, आधारच्या ॲपमधून बायोमेट्रिक लॉक करून ठेवा, नोंदणीच्या दिवशी उघडा. आणि जिथे चालतं तिथे मास्क्ड आधार द्या, ज्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. २०२२ च्या मे महिन्यात आधारच्या बंगळूरच्या कार्यालयानं "झेरॉक्स सरसकट वाटू नका" असं पत्रक काढलं, गदारोळ झाला, दोन दिवसांत मागे घेतलं. पत्रक मागे गेलं तरी सल्ला वाईट नव्हता.

राहिला कायदा. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम २०२३ चा, त्याचे नियम आले नोव्हेंबर २०२५ मध्ये, आणि मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू होणार. सुरक्षेची वाजवी काळजी घेतली नाही तर दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी. तेवढा कुणी नाशिकच्या ऑफिसला लावणार नाही, पण मशीन भाड्याचं असलं तरी माहिती तुमच्या ताब्यातली होती, हे तिथे सुटत नाही. मालकाशी करार आहे का काही?

मेतकूट

करार म्हणजे एक पान आहे. महिन्याला किती पानं, वरच्या पानाला किती पैसे, टोनर कुणाचा. डिस्कबद्दल चकार शब्द नाही.

पेपर_जॅम

ताई, मी अठरा वर्षं हीच मशीनं दुरुस्त करतोय. आतली गोष्ट सांगतो.

परत आलेलं मशीन गोदामात जातं. ड्रम बघतात, रोलर बदलतात, काउंटर बघतात, पॅनेल कापडानं पुसतात. बाहेरून चकाचक. आतून कोण पुसत नाही, कारण त्याचे पैसे कोण देत नाही. परदेशातून कंटेनरनं येणाऱ्या जुन्या मशीनांचीही तीच कथा. एकदा एकाचं ॲड्रेस बुक उघडलं तर सगळी डच भाषेतली नावं.

पुसायचं कसं ते सांगतो. ॲडमिन मोडमध्ये जायचं, सिक्युरिटीच्या मेनूत डिस्क पुसण्याचा पर्याय असतो, कंपनीप्रमाणे नाव वेगळं. नुसतं 'फॉरमॅट' नको, ओव्हरराइट पाहिजे, म्हणजे जुन्यावर दुसरं काहीतरी लिहिणं. तासन् तास लागतात, मध्ये वीज जाता कामा नये. काही मशीनांत डिस्क एन्क्रिप्ट केलेली असते, म्हणजे चावीशिवाय वाचता येत नाही, तिथे चावी बदलली की जुनं सगळं निरुपयोगी, पाच मिनिटांचं काम. पण चालू असलेल्या मशीनमध्ये एन्क्रिप्शन नव्यानं लावलंत तर काही मॉडेलांत डिस्क कोरी होते, साठवलेलं जातं. आधी बघून घ्या.

आणि ॲड्रेस बुक, मेलचा पासवर्ड, नेटवर्कची सेटिंगं ही बहुतेक वेळा वेगळ्या मेमरीत असतात. डिस्क पुसली की ती जातातच असं नाही. वेगळं रिसेट मारायला लागतं. इथे आमचेच लोक फसतात.

डिस्क काढून तुमच्याकडे ठेवायचीही सोय असते, पण काही मॉडेलांत मशीनचं स्वतःचं सॉफ्टवेअर त्यावरच असतं, ती काढली की मशीन मेलं. मालक नव्या डिस्कचे आणि मजुरीचे पैसे मागणार. ते रास्त आहेत, घासाघीस करू नका.

निवृत्त_कॅशियर

चर्चा जुन्या मशीनवर चाललीय, मी चालू मशीनचं सांगतो. आयुष्य बँकेत गेलं म्हणून हे प्रकरण मी बारकाईनं वाचलेलं आहे.

फेब्रुवारी २०१६. ढाक्याला बांगलादेश बँक, म्हणजे त्यांची रिझर्व्ह बँक. तिथे दहाव्या मजल्यावर एका बंदोबस्ताच्या खोलीत एक प्रिंटर होता. स्विफ्टवरून (देशोदेशीच्या बँकांची आपसातली संदेशव्यवस्था) जे जे व्यवहार होतील त्याचा कागद त्यातून आपोआप, चोवीस तास, बाहेर यायचा. शुक्रवार ५ तारखेला सकाळी अधिकारी येऊन बघतात तर प्रिंटर बंद, ट्रे रिकामा. नेहमीचाच बिघाड, असं त्यांना वाटलं. आपल्यालाही वाटलं असतं!

पण आदल्या रात्री चोरांनी बँकेच्या न्यूयॉर्कमधल्या खात्यातून पैसे पाठवायचे ३५ आदेश सोडले होते, एकूण ९५ कोटी डॉलरचे. त्यांच्या सॉफ्टवेअरनं पुष्टीचे संदेश छापायला जाण्याआधीच अडवले. शुक्रवार-शनिवार बांगलादेशात सुट्टी, शनिवार-रविवार न्यूयॉर्कला, आणि सोमवारी ८ तारखेला फिलिपाइन्समध्ये चिनी नववर्षाची सुट्टी, जिथल्या बँकेत पैसे जायचे होते. मधले चार दिवस कुणाचा कुणाला फोन लागत नाही. प्रिंटर चालू झाला तेव्हा न्यूयॉर्कहून आलेले विचारणेचे कागद धडाधड बाहेर पडले.

बहुतेक आदेश न्यूयॉर्कलाच अडकले. श्रीलंकेला निघालेले दोन कोटी डॉलर 'फाउंडेशन'चं स्पेलिंग चुकल्यामुळे परत आले. फिलिपाइन्सला गेलेले आठ कोटी दहा लाख मात्र गेले.

कागद हा त्या खोलीतला पहारेकरी होता. आमच्या शाखेत प्रिंटर बंद पडला की शिपायाला सांगायचं आणि चहाला जायचं, अशी पद्धत होती. आपल्या पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर ऑगस्ट २०१८ मध्ये असाच घाला पडला, ९४ कोटी गेले, २८ देशांतल्या एटीएममधून रक्कम निघाली.

उगाच_शंका

काका, कॉसमॉसमध्ये प्रिंटर कुठे आला?

निवृत्त_कॅशियर

नाही आला. तिथे एटीएमचा स्विच होता, म्हणजे एटीएमचे व्यवहार मंजूर करणारी यंत्रणा. बँकेचा विषय निघाला की माझं असं होतं.

चौरसफूट

जरा अवांतर, पण हिशोबाचं ऑफिस आहे म्हणून. यंत्रानं कागद चोरायलाच हवा असं नाही, तो बदलूही शकतो. २०१३ मध्ये डेव्हिड क्रीझेल या जर्मन संगणकतज्ज्ञानं दाखवलं की झेरॉक्स कंपनीची काही मशीनं स्कॅन करताना आकडे बदलतात. एका घराच्या नकाशात तीन खोल्या होत्या: १४.१३, २१.११ आणि १७.४२ चौरस मीटर. स्कॅनमध्ये तिन्ही १४.१३! फाइल लहान करण्याच्या पद्धतीत सारखे दिसणारे तुकडे एकच धरले जात, त्यामुळे सहाचा आठ व्हायचा, आणि तोही अगदी सुबक. धूसर असता तर शंका तरी आली असती. कंपनीनं नंतर दुरुस्ती दिली. मी आर्किटेक्ट आहे, तेव्हापासून मूळ कागद फेकत नाही.

मेतकूट

बाई गं. आता ताळेबंदातले आठही तपासू का मी?

खटपट्या, नवीन मशीन सुरक्षित आहे का हे कसं बघायचं? सोप्या भाषेत सांगा.

खटपट्या

मशीनच्या स्क्रीनवर नेटवर्कमध्ये जाऊन आयपी पत्ता बघा. तो ऑफिसच्या संगणकावर ब्राउझरमध्ये टाका. एक पान उघडेल. काय दिसतं ते इथे सांगा, आयपी मात्र लिहू नका.

मेतकूट

उघडलं. पासवर्ड विचारला, मालकानं सांगितलेला टाकला (तो इथे लिहायचीही गरज नाही, कुणीही ओळखेल). आत सगळं दिसतंय. त्या वकिलांचा मेल आयडी, पासवर्डच्या जागी ठिपके. आमच्या सर्व्हरचं फोल्डर, लॉगिन दिरांचं. टोनर ३४ टक्के.

खटपट्या

दिरांचं लॉगिन म्हणजे सर्व्हरच्या ॲडमिनचं ना? वाटलंच. बसवायला आलेला मुलगा म्हणतो "चालेल असा आयडी द्या", आपण सर्वात मोठी किल्ली देतो.

त्या ठिपक्यांवर विसंबू नका. समजा ऑफिसच्या वायफायवर एखादा उपटसुंभ आला. मशीनचा पासवर्ड कारखान्यातलाच. तो ठिपक्यांना हात लावत नाही, फक्त सर्व्हरच्या पत्त्याच्या जागी स्वतःच्या लॅपटॉपचा पत्ता टाकतो आणि 'कनेक्शन तपासा' दाबतो. बिचारं मशीन इमानानं दिरांचं लॉगिन त्याच्याकडे पाठवून देतं. म्हणून स्कॅनसाठी वेगळा वापरकर्ता करा, ज्याला त्या एका फोल्डरपलीकडे काही दिसत नाही.

पासवर्ड आजच बदला. २०२५ च्या जूनमध्ये रॅपिड७ या सायबरसुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी दाखवलं की ब्रदर कंपनीच्या ६८९ मॉडेलांत कारखान्यातला पासवर्ड मशीनच्या अनुक्रमांकावरूनच तयार होतो. अनुक्रमांक कळला की पासवर्ड कळला, आणि अनुक्रमांक नेटवर्कवरून काढता येत होता. विकून झालेल्या मशीनांत हे फर्मवेअरनं (मशीनच्या आतल्या सॉफ्टवेअरनं) पूर्ण सुटत नाही, पासवर्ड बदलणं हाच उपाय. पासवर्ड बदलूनही फर्मवेअर अद्ययावत ठेवायचंच, त्याला पर्याय नाही.

तुमच्या विंडोजचंही बघा. २०२१ च्या जुलैत 'प्रिंटनाइटमेअर' म्हणून भोक निघालं होतं, ते प्रिंटरमध्ये नव्हतं, विंडोजच्या प्रिंट स्पूलरमध्ये, म्हणजे छपाईची रांग सांभाळणाऱ्या भागात होतं. एवढं वाईट की मायक्रोसॉफ्टनं केव्हाच वाऱ्यावर सोडलेल्या विंडोज ७ लासुद्धा दुरुस्ती पाठवली. ज्या सर्व्हरवरून कधी छापतच नाही तिथे स्पूलर चालू ठेवून काय उपयोग? बंद करा.

आणि सर्वात महत्त्वाचं, घरून प्रिंट काढता यावी म्हणून कुणी राउटरमध्ये काही उघडून ठेवलंय का? ९१०० हा आकडा दिसतो का?

उगाच_शंका

९१०० दिसला तर काय होतं?

खटपट्या

९१०० हे प्रिंटरचं नेटवर्कवरचं दार. त्या दारावर पासवर्ड नसतो. जे आत टाकाल ते छापलं जातं. २०१८ च्या नोव्हेंबरात टी-सीरिज यूट्यूबवर प्यूडीपाय या यूट्यूबरला मागे टाकायच्या बेतात होतं, तेव्हा प्यूडीपायच्या एका चाहत्यानं जगभरातल्या ५० हजार प्रिंटरांवर "प्यूडीपायला सबस्क्राइब करा" असं छापून सोडलं. २०२० मध्ये सायबरन्यूज या संकेतस्थळाच्या लोकांनी ५० हजार उघडे प्रिंटर निवडून जवळजवळ २८ हजारांतून 'प्रिंटर सुरक्षित कसा ठेवावा' याची पाच पानी माहिती छापून दाखवली. आमच्या टी-सीरिजवाल्या भूषणकुमारांमुळे अमेरिकेत कागद संपला, हे मी लग्नकार्यात सांगतो.

उगाच_शंका

आता जरा खरं सांगतो, हसू नका. दोन वर्षांपूर्वी आमच्या कारखान्यात सकाळी कुलूप उघडलं तर प्रिंटरसमोर जमिनीवर पानांचा ढीग. प्रत्येक पानावर वरती एक-दोन ओळी इंग्रजी, बाकी कोरं. 'गेट', मग तिरकी रेघ, मग 'एचटीटीपी' असं काहीतरी. रात्रपाळीचा वॉचमन म्हणाला मशीन आपोआप सुरू झालं. आमच्या सुपरवायझरनं त्या खोलीत नारळ फोडला. मी स्वतः पेढे खाल्लेत.

खटपट्या

नारळ वाया गेला. कुणाचा तरी स्वयंचलित प्रोग्रॅम इंटरनेटवरची दारं ठोठावत फिरत होता. तुमचा ९१०० उघडा दिसला, त्याला वाटलं वेबसाइट आहे, त्यानं "पान दाखव" म्हटलं. प्रिंटरला वाटलं हा मजकूर आहे, त्यानं तो छापला. ठोठावणारा तिथून पुढे गेला, पण तुमचा पत्ता त्याच्या यादीत राहिला. राउटर कुणी लावला होता?

उगाच_शंका

मालकांच्या मेहुण्यांनी. त्यांना घरून चलन छापायचं असायचं. उद्याच बघतो. आधी लिहिलेलं "बारा रुपये" मागे घेतो.

अटलांटिककाठी

एक राहिलं. "स्कॅनरकडून आलेली फाइल" अशा खोट्या मेल. २०१६-१७ मध्ये लॉकी नावाचं रॅन्समवेअर (फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा प्रोग्रॅम) याच वेषात फिरलं. ऑफिसातल्या मशीनच्या नावानं मेल, सोबत जोडलेली फाइल, आणि माणूस विचार न करता उघडतो, कारण मशीनवर कोण संशय घेणार? मुलांना सांगून ठेवा, स्वतः स्कॅन केलं नसेल तर उघडायचं नाही.

नोटरी_नाका

मेतकूट, करारात हे वाक्य घाला: "मशीन परत घेताना अथवा बदलताना त्यातील साठवलेली सर्व माहिती ग्राहकासमक्ष कायमची पुसली जाईल, अथवा डिस्क ग्राहकाच्या ताब्यात दिली जाईल." बाकी त्या वकिलांना फोन करा. अवघड वाटेल, तरी करा.

मेतकूट (दहा दिवसांनी)

सगळ्यांचे आभार. जे झालं ते लिहिते.

वकिलांना फोन केला. आधी त्यांना वाटलं मी पैसे मागतेय. मग तासाभरात स्वतः आले, बेचाळीस नावं कागदावर उतरवून घेतली, माझ्यासमोर पुसायला सांगितलं, आणि मेलचा पासवर्ड तिथेच उभ्या उभ्या बदलला. जाताना म्हणाले, "त्यातले एक पक्षकार माझे सासरे आहेत."

आमचं जुनं मशीन सिन्नरला एका शिकवणीच्या क्लासमध्ये निघालं. मालकाला आधी राग आला, पण नोटरी_नाका यांचं वाक्य दाखवल्यावर त्यानं मुलगा बरोबर दिला. बॉक्समध्ये आमच्या एकसष्ट फायली होत्या, त्यात माझं स्वतःचं रिटर्न. तीन महिने क्लासच्या मुलांनी त्याच स्क्रीनवर बोटं फिरवलीत. कुणी बघितलं असेल असं वाटत नाही, पण 'वाटत नाही' यापलीकडे माझ्याकडे काही नाही. ज्यांच्या फायली होत्या त्या सगळ्या अशिलांना मी कळवायला सुरुवात केलीय. दोघं चिडले. एकानं विचारलं, मग यंदा फी कमी का?

ओव्हरराइटला साडेतीन तास लागले. मध्ये एकदा दिवे लुकलुकले तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. क्लासच्या सरांनी दोनदा चहा पाजला. त्यांची सेटिंगं पुन्हा भरून दिली, ॲड्रेस बुक वेगळं रिसेट केलं (पेपर_जॅम, तुम्ही सांगितलं नसतं तर राहिलंच होतं, आमचे सगळे मेल पत्ते तिथे होते).

इकडे ऑफिसात पासवर्ड बदलला, स्कॅनसाठी वेगळा आयडी केला, आणि प्रिंट आता मशीनजवळ जाऊन पिन टाकल्यावरच येते. काकांना पिन आवडलेला नाही. त्यांच्या मते पूर्वी ट्रेमधले कागद ते सगळ्यांच्या टेबलावर वाटायचे, त्यामुळे ऑफिसात काय चाललंय ते त्यांना कळायचं.

पेपर_जॅम

ताई, एकदम बरोबर केलंत. क्लासमधून निघताना काच उचलून बघितलीत का?

मेतकूट

उचलली. दहावीची भूमितीची प्रश्नपत्रिका होती. मुलं बाहेर बाकावर बसलेली, म्हणून उलटी करून सरांच्या हातात दिली.